तपकिरी शिरेची ज्वारी: दुसऱ्या पिढीची मोजणी

तपकिरी शिरेच्या ज्वारीचा साध्या शिरेच्या वाणाशी संकर केला होता, त्याच्या दुसऱ्या पिढीची ही मोजणी. एकूण ११२ ताटं. ७९ साध्या शिरेची, ३३ तपकिरी. तीनास एक या हिशेबानं ८४ आणि २८ यायला हवी होती. काय-स्क्वेअर, म्हणजे मोजणी अपेक्षेपासून किती दूर गेली ते सांगणारा आकडा, काढला तर १.१९ आला, मर्यादा ३.८४ ची. म्हणजे एकच अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आलं तरच दिसणारं) जनुक, हे धरून पुढं जायला हरकत नाही.

मोजणी दोनदा केली. रोप पाच-सहा पानांवर आलं की पान उलटून बघायचं, मधल्या शिरेचा तपकिरी रंग खालच्या अंगाला स्वच्छ दिसतो. पहिल्या वेळी मी वरूनच बघत गेलो आणि चार रोपं चुकीच्या रकान्यात पडली.

या शिरेच्या मागे मी का लागलो, तर या रंगाबरोबर लिग्निन, म्हणजे ताटाला कडकपणा देणारं द्रव्य, कमी होतं आणि गुरांच्या पोटातल्या जिवाणूंना ताटातले तंतू फोडणं सोपं जातं. मक्यात हा बदल १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटात दिसला. ज्वारीत तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून तो घडवून आणला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पचनाच्या दृष्टीनं चारा सुधारायचा यापेक्षा सरळ रस्ता मला तरी दिसलेला नाही.

संकर करताना एक गोष्ट फार उपयोगी पडली, ती सविस्तर सांगतो. मादी म्हणून तपकिरी ताटच घ्या. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं. आधीच उमललेली फुलं काढून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या फुलांतले तीन-तीन परागकोश दुपारनंतर चिमट्यानं उचलायचे. मग पिशवी बांधायची आणि सकाळी नराचे पराग झटकायचे. कितीही जपलं तरी एखादा परागकोश राहतोच आणि थोडं बी स्वतःच्याच परागावर धरतं. मादी तपकिरी असली की ही चूक रोपावरच ओळखू येते. माझ्या पहिल्या पिढीतल्या २६ रोपांपैकी तीन तपकिरी निघाली, ती तिथंच उपटली. मादी साध्या शिरेची असती तर खरा संकर आणि स्व-परागित रोप यांत मला फरकच करता आला नसता.

नर वाण फिक्या अंगाचा होता, मादी जांभळट. अंगाच्या रंगाचं हे दुसरं जनुक करपा आल्यावर डोळ्यांत भरलं. सलग पावसानंतर पानांवर ठिपके पडले, तर जांभळट ताटांवर ते लालसर-जांभळे आणि फिक्या ताटांवर वाळक्या गवताच्या रंगाचे. रोग तोच, डाग वेगळे. म्हणून रोगाची तीव्रता डागाच्या रंगावरून लावू नका, पानाचा किती भाग गेला तेच मोजा. लालभडक पान बघून मी आधी घाबरलो होतो. मोजल्यावर दोन्हीकडे नुकसान जवळजवळ सारखंच निघालं.

फिकं अंगही अप्रभावी, म्हणून तपकिरी शीर आणि फिकं अंग दोन्ही असलेली ताटं सोळात एक, म्हणजे सात अपेक्षित होती. मिळाली पाच.

आता काळजीची बाब. निसवल्यावर वारा सुटला आणि तपकिरी ३३ पैकी ११ ताटं लोळली. साध्या शिरेच्या ७९ पैकी नऊच. लिग्निन कमी म्हणजे काडी कमजोर, हे माहीत होतं, तरी आडवी पडलेली ताटं बघून जीव हळहळला. पण उरलेली २२ उभी राहिली, त्यांत त्या पाचांपैकी तीन आहेत. काडीचा घेर, उंची, मुळांचा जोर यांची जनुकं वेगळी असतात, तेव्हा निवड करायला जागा आहे. या तिन्ही कणसांना पिशव्या बांधल्या आहेत.

चाऱ्यासाठी लावणाऱ्यांनो, शीर तपकिरी असली तरी कोवळ्या ज्वारीतलं धुरिन हे द्रव्य तसंच राहतं. त्यातून सायनाइड सुटतं. फुलोऱ्याआधी, किंवा पाण्याचा ताण बसलेली, हिरवी ताटं जनावरापुढं टाकू नका.

पुढच्या हंगामात या तिघांचं बी वेगवेगळ्या ओळींत पेरणार. शिवाय माझ्याकडं दुसऱ्या ठिकाणाहून आलेला एक तपकिरी वाण आहे. तो यांच्याशी संकरून पाहीन. त्यांची रोपं तपकिरीच निघाली तर जनुक एकच, साध्या शिरेची निघाली तर दोन वेगळी.