सेकंडहँड आलिशान सेडान ट्रॅकवर: ताकद पुरते, थंडावा पुरत नाही

दहा-पंधरा वर्षे वापरलेली मोठी जर्मन सेडान ज्या किमतीला मिळते, त्या किमतीत बहुधा नवी छोटी गाडीही येत नाही, हे एकदा लक्षात आले की गाड्यांचे वेड असलेल्या माणसाच्या डोक्यात पुढचा विचार आपोआप सुरू होतो. सहा सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, दोन्ही आसांवर जवळजवळ सारखे वाटलेले वजन आणि मोठ्या वेगाने तासन्‌तास धावण्यासाठी केलेली भक्कम बांधणी हे सगळे एवढ्या स्वस्तात हाती येत असेल, तर ती गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर का नेऊ नये? मी माझी नेतो आणि आनंदाने नेतो. मात्र ज्यांना ही कल्पना आवडते ते मला सहसा अश्वशक्ती विचारतात, आणि माझे उत्तर दर वेळी ब्रेकपासून सुरू होते. कारण ताकदीची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी अशी गाडी उष्णतेच्या मर्यादेला येऊन ठेपते.

हिशेबच मांडून पाहू. चालकासह १८०० किलो भरणारी सेडान सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणायची असेल, तर सुमारे १८ लाख ज्यूल ऊर्जा अवघ्या काही सेकंदांत खर्ची पाडावी लागते. साधारण साडेपाच लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. हा भार बहुतांशी पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांवर पडतो, आणि रस्त्यावर क्वचितच लावावा लागणारा असा जोराचा ब्रेक ट्रॅकवर प्रत्येक लॅपमध्ये (ट्रॅकच्या एका पूर्ण वळशात) अनेकदा लावावा लागतो. १२०० किलोच्या गाडीला त्याच वेगांसाठी एक तृतीयांश कमी उष्णता सोसावी लागते. सेडानच्या डिस्क मोठ्या असतात हे खरे, पण दोन टन लोखंड आणि चामडे एकदा जोरात थांबवायचे म्हणून त्या मोठ्या केलेल्या असतात. दोन थांबण्यांच्या मध्ये गार व्हायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल, हे त्यात गृहीत धरलेले असते.

ब्रेक हरतात तेव्हा ते दोन वेगवेगळ्या प्रकारे हरतात, आणि तो फरक पायाला कळायला हवा. डिस्कला आवळणारा पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की पेडल पूर्वीसारखेच कडक लागते, पण गाडी मात्र थांबायला टाळाटाळ करते. जोडीला राळ जळल्यासारखा उग्र, नाकात बसणारा वास येतो. ब्रेक ऑइल उकळले तर याच्या उलट घडते: पेडल मऊ पडते, लांब जाते, आणि पंप मारावा तसे दोन-तीनदा दाबून उभे करावे लागते, कारण नळीत तयार झालेली वाफ द्रवाप्रमाणे दाब पुढे पोहोचवत नाही, स्वतःच दबते. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे आणि टाळायलाही सोपा आहे. ब्रेक ऑइल ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने हे ऑइल कधी बदलले होते, याची नोंद बहुधा सापडत नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ते पूर्ण बदलून, चारही चाकांकडची हवा काढून घेणे याला मी पर्यायच मानत नाही.

अमेरिकेत २००६ पासून चालणाऱ्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या सहनशक्तीच्या शर्यतींचा एक नियम मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो. गाडी ५०० डॉलरच्या आत बसवायची ही तिथली मूळ अट. पण ब्रेक, टायर आणि सुरक्षेचे साहित्य यांवरचा खर्च त्या रकमेत धरला जात नाही. ज्यांनी भंगारातल्या गाड्या पळवण्याचा खेळ उभा केला, त्यांनीही या तीन गोष्टींत काटकसर चालू दिली नाही. स्वस्त सेडान विकत घेताना वाचलेला पैसा मी अगदी याच क्रमाने खर्च करतो, आणि एक्झॉस्टचा आवाज बदलण्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करतो.

टायरचे गणितही वजनापाशीच येते. थंड असताना ३२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा २५ अंशांवरून ८० अंशांवर गेली, की दाब ४० पीएसआयच्या आसपास पोहोचतो. त्यामुळे सकाळी पंपावर भरलेला आकडा दोन लॅपनंतर निरर्थक ठरतो. मी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) परतताच गरम टायरचा दाब मोजून जास्तीची हवा सोडतो आणि खाली वाकून टायरचा खांदा पाहतो. बऱ्याच टायरांच्या कडेला एक बारीकसा त्रिकोण कोरलेला असतो. घासल्याची खूण त्या त्रिकोणाच्याही खाली उतरलेली दिसली, तर वळणावर टायर आपल्याच कडेवर आडवा होत आहे असे समजावे आणि एवढी हवा सोडू नये. संध्याकाळी निघण्यापूर्वी सोडलेली हवा परत भरून घ्यायची, हे ओघाने आलेच.

आता थोडे कौतुक. ही गाडी वजनदार आणि मऊ असल्यामुळेच ती चांगली शिकवते, असे माझे मत आहे. जोराच्या ब्रेकला अशा सेडानचे सुमारे ३०० किलो वजन मागच्या आसावरून पुढच्या आसावर सरकते. कडक सस्पेन्शनच्या छोट्या गाडीत हे वजनाचे सरकणे क्षणात उरकते आणि नवख्याला उमगतच नाही, पण इथे बॉनेट खाली झुकताना डोळ्यांना दिसते आणि मागची बाजू हलकी झाल्याचे कमरेला जाणवते. वळणात घाईने स्टेअरिंग फिरवले तर गाडी आधी कलते आणि मग वळते, आणि ब्रेकचे पेडल हळूहळू सोडत स्टेअरिंग हळूहळू फिरवले तर तीच गाडी आश्चर्य वाटावे इतकी नीट ओळ धरते. चामड्याची गुळगुळीत सीट मात्र कसलाच आधार देत नाही. डावा पाय पायटेकूवर रोवून आणि गुडघा दाराला टेकवून बसावे लागते, नाहीतर माणूस स्टेअरिंगलाच लोंबकळत राहतो आणि त्यामुळे हातांना चाकांची जाण राहत नाही.

कोणते इंजिन घ्यावे याचे उत्तरही यातच आहे. बीएमडब्ल्यूच्या १९९५ साली आलेल्या ई३९ पिढीच्या फाइव्ह सीरीजचेच पाहा: व्ही८ इंजिनाच्या गाड्यांना जागेअभावी जुन्या धाटणीचे, गोळ्यांवर फिरणारे स्टेअरिंग बॉक्स दिले गेले, तर सहा सिलिंडरच्या गाड्यांना रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टीवर चालणारे, जास्त थेट) स्टेअरिंग मिळाले. कागदावर कमी ताकदीची असलेली गाडी पुढून हलकी आणि हाताला जास्त बोलकी असते. दोन जास्तीचे सिलिंडर सरळ पट्ट्यावर मिरवतात आणि पट्टा संपला की त्याची किंमत ब्रेककडून वसूल करतात.

स्थिरता नियंत्रण बंद करावे का, हा वाद प्रत्येक पिटमध्ये चालतो. १९९५ साली मर्सिडीजच्या एस ६०० कूपेतून बाजारात आलेली ईएसपी प्रणाली एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून घसरणारी गाडी सावरते, आणि सुरुवातीला ती चालूच ठेवावी असे मी म्हणेन. फक्त एक ध्यानात ठेवावे, की चालकाचा बेशिस्तपणा ती गुपचूप ब्रेकच्या खात्यावर टाकत असते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सतत लुकलुकत असेल आणि मागचे पॅड पुढच्यांइतकेच झिजलेले निघाले, तर सुधारायला हवे ते चालकाच्या हातापायांनी.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांची दुखणी संथपणे येतात. या वयाच्या गाड्यांत रेडिएटरची टोके, कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर हे सगळे प्लॅस्टिकचे असते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ झालेले असते. बोटाने दाबल्यावर पाइपच्या जोडावर पांढरट सुकलेला थर दिसला, तर ट्रॅकचा बेत पुढे ढकलून तो भाग बदलावा. शिवाय अनेक गाड्यांतली तापमानाची सुई मुद्दाम मधोमध स्थिर राहील अशी बनवलेली असते आणि ती हलू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, म्हणून मी ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या) जोडणीतून खरा आकडा वाचतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे काही गाडी उत्पादक सांगत आले, पण तेच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकतो.

बाकीची तयारी थोडक्यात: चटया आणि डिकीतले सुटे सामान काढावे, इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवावे, चाकांचे बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क पान्याने तपासावेत, गाडी ओढण्यासाठी बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी डिकीतल्या हत्यारांत खरोखर आहे का ते पाहावे (जुन्या गाड्यांत ती हमखास गायब असते), आणि विम्याची कलमे वाचावीत, कारण नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचे नुकसान सहसा धरलेले नसते.

ट्रॅकवर मी फेरी छोटीच ठेवतो: एक लॅप गाडी तापवण्यासाठी, मोजके लॅप जोरात आणि शेवटचा लॅप ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. त्या शेवटच्या लॅपमध्ये एसी बंद, खिडक्या उघड्या आणि हीटर पूर्ण चालू, म्हणजे कूलंटची थोडी उष्णता हीटरच्या वाटेने बाहेर पडते, मग चालकाला घामाने निथळावे लागले तरी चालेल. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. ज्या गाड्यांत तो मागच्या डिस्कवरच काम करतो तिथे तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहतो आणि तिथे उमटलेला डाग नंतर थरथरीच्या रूपाने पेडलपर्यंत येतो. गिअर ‘पार्क’मध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावतो, बॉनेट उघडतो आणि पुढची फेरी घड्याळाचा काटा पाहून नव्हे, डिस्कजवळ हात नेऊन ठरवतो: चाकाच्या आऱ्यांपाशी हात निवांत धरवत नसेल, तर त्या फेरीचा नंबर मी सोडून देतो.