पथ्याच्या यादीत गोळी नव्हती

चोपडा तालुक्यातली बाई, वय ३५ च्या आसपास, अर्धशिशीचा त्रास. घरची केळीची बाग आणि तीन वर्षांपासून केळं तोंडात घातलेलं नाही. जावेला सोबत घेऊन आली ती माझ्याकडून नवीन पथ्य लिहून घ्यायला. "मॅडम, बठ्ठं सोडी दिधं, तरी डोकं दुखसच. आते काय सोडू?"

"काय खाता?" असं विचारलं की "घरचंच, साधं" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मी खाणं विचारत नाही, दिवस विचारते. उठल्यावर काय केलं, म्हशीचं दूध काढल्यावर काय, डबे भरून झाल्यावर, शेतातून आल्यावर. टेबलावर लहानमोठ्या वाट्या ठेवलेल्या असतात. वरण कुठल्या वाटीने घेतलं ते हात लावून दाखवायला सांगते. याला वेळ लागतो, आणि आहारतज्ज्ञाने छापील कागद हातात देऊन पेशंट मोकळा करावा अशीच सगळीकडे अपेक्षा असते. मला ते पटत नाही.

तिचा दिवस असा निघाला. दूध, दही, शेंगदाणे, टोमॅटो, लिंबू, वांग्याचं भरीत, ठेचा बंद. उडीद वातूळ म्हणून कळण्याची भाकरीही बंद. सोमवार आणि चतुर्थी निरंकार. मोबाइलवरचा कुठलातरी व्हिडिओ पाहून संध्याकाळचं जेवणही सोडलेलं. उरली ज्वारीची भाकरी, मुगाचं पाणी आणि दुधी. अर्धशिशीच्या माणसाने उपाशी राहणं हेच डोकं उठायला मोठं कारण असतं, आणि इथे उपासालाच औषध समजलेलं.

पिशवीतून तिने एका दवाखान्यातला कागद काढला. जुनं चीज, रेड वाइन, चॉकलेट, डबाबंद मांस टाळा. मग दही, केळी, शेंगदाणे. कुठल्यातरी परदेशी यादीची ही नक्कल. चीज आणि वाइन तिच्या घरात कधी आलीच नव्हती, त्यामुळे सोडायला उरलं ते नेमकं अंगी लागणारं. केळ्याचं नाव अशा याद्यांत टायरामिन या डोकं उठवतो असं मानल्या जाणाऱ्या घटकामुळे येतं, पण ते असतं मुख्यतः सालीत, गरात फारच थोडं. आणि काही पदार्थांनी काहींचं डोकं उठतं हे खरं असलं, तरी ते कुणाला कशाने उठतं हे नोंदवहीत महिनाभर लिहून शोधायचं असतं, सगळं एकदम बंद करून नाही.

कागद काढताना पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर पडली. तीच, डोकेदुखीची, किराणा दुकानातसुद्धा सुटी मिळणारी. वेदनाशामक अधिक कॅफीन. "रोज?" विचारलं. "सकायले एक, दुपारले एक." गोळीचं पथ्य कुणी सांगितलंच नव्हतं. चहा तिने केव्हाच सोडला होता, पण चहातलं कॅफीन गोळीतून रोज पोटात जात होतं.

आधीच अर्धशिशी असलेल्या माणसाने अशी मिश्र गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, आणि हे ३ महिन्यांहून अधिक काळ चालवलं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी बंद करणं माझ्या अधिकारात नाही. सगळं लिहून चिठ्ठी दिली आणि जळगावच्या फिजिशियनकडे पाठवलं. निघताना एवढं बजावलं, की गोळी सुटली की आधी दुखणं वाढेल, तेव्हा घाबरून दुकानात जाऊ नका. माझ्याकडचं पथ्य एकच होतं: वेळेवर तीनदा जेवा, शेतात पाणी प्या. शेवटचं सांगायला सोपं. शेतात बाईला आडोसा नसतो म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि वैशाखात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो.

आता तिचं दुखणं बरंच कमी आहे. डॉक्टरांनी अर्धशिशी रोखायचं वेगळं औषध सुरू केलंय. कळण्याची भाकरी, दही परत आलं. केळं मात्र नाही. "खाधं आनि रातले डोकं उठनं तर?" या भीतीवर माझ्याकडे वाटी नाही, माप नाही. केळ्यावाचून तिचं अडत नाही, म्हणून आग्रह करावा की सोडून द्यावं, हे मला अजून ठरवता येत नाही. कारण घरात आता असं ठरलंय की केळं सोडल्यानेच गुण आला, आणि सासूबाई ते गल्लीभर सांगतात. त्यांच्याच गल्लीतल्या दोघी केळं बंद करून बसल्यात. त्यांना बुधवारी बोलावलंय. येताना गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा, घेऊन या म्हणून निरोप दिलाय.