भूतानला खाऊ किती न्यावा?

भूतानला निघालेली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, "तिथे शाकाहारी जेवायला मिळतं का? बरोबर काय काय नेऊ?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पारोच्या विमानतळावर पोचेपर्यंत पुरतील एवढ्या दशम्या घ्या. बाकीची पिशवी घरीच राहू द्या.

तिथे मिरची चवीपुरती घालत नाहीत, तिचीच भाजी करतात, 'एमा दात्शी'. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. उभ्या चिरलेल्या मिरच्या कांदा, लसूण, लोणी आणि चीज घालून शिजवायच्या. ना फोडणी, ना हळद. तिखट झेपत नसेल तर बटाट्याची 'केवा दात्शी' मागा किंवा अळिंबीची 'शामू दात्शी'. सोबत लाल भात येतो, शिजून गुलाबीसर, किंचित चिकट झालेला. तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा कोकणातल्या आजोळची पेज आठवून मी बराच वेळ बोललेच नाही. 'सुजा' म्हणजे लोणी-मीठ घातलेला चहा. ती मात्र चहा समजून पिऊ नका, सार समजून प्या, मग आवडते.

देशाचा किमान ६० टक्के भूभाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असं २००८ची राज्यघटना सांगते. ते जंगल ताटातही येतं. वसंतात नेच्याचे कोवळे कोंब, पावसाळ्यात रानातली अळिंबी.

कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. वाढायला आल्यावर तोंडावर हात धरून 'मेशू मेशू' म्हणायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं, अशी तिथली रीत. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या आपल्याला ती शिकवावी लागत नाही. एकदा आमच्यातल्या एकीने यजमानीणबाईंसमोरच आपला डबा उघडला. बाईंनी हातातला डाव मुकाट्याने भांड्यात परत ठेवला. ते मला अजून लागतं.

हिवाळ्यात गेलात तर फोब्जिखाच्या खोऱ्यात एक रात्र राहा. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच तिथल्या दलदलीत उतरतात. उडताना त्यांना तारा लागू नयेत म्हणून या खोऱ्यातली वीज जमिनीखालून नेली आहे. बटाटा हे इथलं मोठं पीक. संध्याकाळी बुखारीजवळ, म्हणजे लाकडाच्या शेगडीजवळ बसून त्याच बटाट्याची केवा दात्शी खा. बाहेर क्रौंचांची हाकाटी चालू असते. घरातली माणसं बोलता बोलता थांबून ऐकतात, आणि पुन्हा वाढायला उठतात.