एका वॉटमागे दोन किलो

चांद्रयान-३चा प्रज्ञान रोव्हर ‘झोपवला’ म्हणजे नेमकं काय केलं? आणि त्याला जरा मोठी बॅटरी दिली असती तर तो दुसऱ्या सकाळी उठला नसता का? सप्टेंबर २०२३पासून हा जोडप्रश्न शाळकरी मुलांपासून निवृत्त इंजिनिअरांपर्यंत सगळे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देऊ, कारण ते साध्या गुणाकारात आहे.

चंद्रावर सूर्य मावळला की पुन्हा उगवायला साधारण पावणेपंधरा दिवस लागतात, म्हणजे ३५४ तास. रोव्हरच्या पेटीला (बॅटरी आणि कॉम्प्युटर जिच्यात असतात ती) रात्रभर फक्त १ वॉट ऊब द्यायची म्हटली, तरी ३५४ वॉट-तास लागले. चांगली लिथियम-आयन बॅटरी किलोमागे साधारण १५० ते २०० वॉट-तास साठवते. म्हणजे एका वॉटमागे दोन किलो बॅटरी. आता पेटी उत्तम गुंडाळूनही तिच्यातून २० वॉट गळतात असं धरा. बॅटरी झाली ४० किलोंची. प्रज्ञान सहा चाकं, कॅमेरे, दोन उपकरणं आणि सोलर पॅनेल धरून अख्खा २६ किलोंचा होता. त्याचं पॅनेल ५० वॉटचं. त्याने दुसरं काहीही न करता सगळी वीज या बॅटरीत ओतली असती तरी ती भरायला आपले सहा दिवस गेले असते, आणि हातात होता चंद्राचा एक दिवस, म्हणजे आपले जेमतेम चौदा. ‘जरा मोठी’ बॅटरी हा पर्यायच नव्हता.

बरेच जण इथे म्हणतात, की चंद्रावर हवा नाही, तर थंडी लागेल कशी? निम्मं बरोबर आहे. हवा नसल्याने वाऱ्याने थंडी लागत नाही. पण उष्णता किरणांवाटे निघून जातेच, आणि रात्रीचं काळं आकाश ती परत देत नाही. खोलीच्या तापमानाला असलेला एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग आकाशाकडे ४०० वॉटच्या वर उधळतो. म्हणून पेटीभोवती चमकदार पातळ पापुद्र्यांची गोधडी असते, एकावर एक दहा-वीस थर, मध्ये जाळी. गोधडीतून फार जात नाही. जातं ते भोकांतून. चाकांच्या मोटरीकडे, कॅमेऱ्यांकडे, पॅनेलकडे, अँटेनाकडे जाणारी प्रत्येक तांब्याची वायर म्हणजे उष्णतेचा एकेक पाट. उबदार पेटीची रचना करणारे लोक वायरी मोजतात, त्या बारीक आणि लांब करतात, शक्य तिथे तांब्याऐवजी उष्णता कमी वाहणारा मिश्रधातू घेतात. बॅटरीचा आकार ठरण्याच्या आधी हे काम झालेलं असावं लागतं.

त्यात खरी पंचाईत ही, की रात्री जी पेटी घट्ट बंद हवी तीच दिवसा उघडी हवी. दिवसा इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर लागतो, आणि तोच रेडिएटर रात्री पेटी रिकामी करतो. यावरचा सगळ्यात देखणा तोडगा सोव्हिएत लुनोखोद रोव्हरचा. १७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावरच्या वर्षासागर नावाच्या सपाट प्रदेशात उतरलेला लुनोखोद-१ म्हणजे ७५६ किलोंचं, आठ चाकांवरचं, झाकणाचं पातेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सौरघट, पातेल्याच्या तोंडावर रेडिएटर. दिवसा झाकण उघडलं की घट सूर्याकडे, रेडिएटर आकाशाकडे. संध्याकाळी झाकण लावलं की रेडिएटर झाकला गेला. आत पोलोनियम-२१० या किरणोत्सारी मूलद्रव्याची शेगडी, आणि तिची ऊब पेटीभर फिरवणारा वायू. क्रिमियात सिम्फेरोपोलजवळ बसलेला पाच जणांचा चमू तो चालवायचा: कमांडर, चालक, दिशादर्शक, इंजिनिअर आणि अँटेना सांभाळणारा. संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांच्या वर, आणि समोर टीव्हीवर थांबून थांबून येणारी स्थिर चित्रं.

पोलोनियमची निवड मात्र घड्याळ लावून ठेवल्यासारखी होती. त्याची उष्णता दर १३८ दिवसांनी निम्मी होते. १४ सप्टेंबर १९७१ रोजी शेवटचा संपर्क झाला तेव्हा उतरून ३०१ दिवस झाले होते. शेगडीत पहिल्या दिवसाच्या जेमतेम २२ टक्के ऊब उरली होती. तोवर साडेदहा किलोमीटर चालून झालं होतं.

लुनोखोद-२ची गोष्ट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी. १९७३च्या मे महिन्यात एका खड्ड्यातून वळताना उघडं झाकण खड्ड्याच्या भिंतीला घासलं आणि सौरघटांवर माती पडली. वीज कमी झाली, पण गाडी चालत होती. पुढे झाकण मिटलं, आणि झाकणावरची माती खाली रेडिएटरवर सांडली. ते पुन्हा उघडलं तेव्हा रेडिएटरवर धुळीचं पांघरूण होतं. उष्णता बाहेर पडेना, आतली यंत्रं तापून बंद पडली. ३९ किलोमीटर गेलेला रोव्हर थंडीने नाही, रात्रीच्या बंदोबस्तामुळे आलेल्या दिवसाच्या उन्हाने गेला. चंद्राची धूळ झटकता येत नाही. तिचे कण धारदार असतात आणि चिकटून बसतात.

आता ‘झोपवणं’. प्रज्ञानचं उदाहरण घेऊ. तो ६९ अंश दक्षिणेला होता. तिथे सूर्य पूर्वेला उगवतो, उत्तरेकडून फार तर २०-२२ अंशांवरून सरकत जातो आणि पश्चिमेला मावळतो. सरकतो तासाला जेमतेम अर्धा अंश, त्यामुळे मावळती लांबच लांब चालते. सूर्य ५ अंशांवर आला की मीटरभर उंच दगडाची सावली ११ मीटर पडते. म्हणून सूर्य दिसेनासा होण्याची वाट बघायची नसते. वीज आहे तोवर जागा गाठायची. जागा सपाट हवी, लँडरची अँटेना नजरेत हवी (प्रज्ञान पृथ्वीशी थेट बोलत नव्हता, सगळं विक्रम लँडरमार्फत), आणि पूर्वेला दगड किंवा चढ नको, नाहीतर पहिलं ऊन दगडावर पडेल आणि रोव्हर सावलीत.

मग एक बारीक पण जीवघेणा हिशोब येतो. पॅनेल एकाच दिशेला तोंड करून असेल तर संध्याकाळी चार्जिंगसाठी ते पश्चिमेकडे हवं आणि सकाळी उठण्यासाठी पूर्वेकडे. म्हणजे झोपण्याआधी जागेवर जवळजवळ अर्धी गिरकी. लवकर वळलात तर बॅटरी पूर्ण भरत नाही. उशिरा वळलात तर भरलेल्यातलं वळण्यात जातं, आणि मध्ये काही अडलं तर दुरुस्तीला ऊन उरत नाही. वळून झालं की फोटो काढून पॅनेलचा कोन तपासायचा. त्यानंतर साठलेला सगळा डेटा लँडरला देऊन टाकायचा. रात्रीनंतर मेमरी वाचता येईल याची खात्री धरायची नाही. मग उपकरणं बंद, कॅमेरे बंद, मोटरी बंद, प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बंद. रिसीव्हर चालू.

इस्रोने २ सप्टेंबर २०२३ रोजी दिलेली स्थिती नेमकी हीच होती: दोन्ही उपकरणं बंद, बॅटरी पूर्ण भरलेली, पॅनेल २२ सप्टेंबरला अपेक्षित असलेल्या सूर्योदयाकडे, रिसीव्हर चालू. ४ सप्टेंबरला विक्रमही झोपवला. ज्यांना हाती असलेल्या साधनांत अजून काय करता आलं असतं असं वाटतं, त्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. करण्यासारखं सगळं केलं होतं.

रात्री काय मोडतं? बॅटरीचं म्हणाल तर भरलेली असो की रिकामी, इतक्या थंडीत तिच्यातला द्रव गोठतो. चीनच्या चांग-ई-४ यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पहिल्या रात्री उणे १९० अंश मोजले होते. पण बॅटरीपेक्षा भीती वाटते ती डाखाच्या, म्हणजे सोल्डरच्या, सांध्यांची. सर्किट बोर्ड, चिपचं सिरॅमिक आणि सोल्डर, तिघंही थंडीत वेगवेगळ्या मापाने आकसतात. सोल्डरचा एवढासा मणी दोघांच्या ओढाताणीत सापडतो, आणि थंडीने तो ठिसूळ झालेला असतो. एका रात्रीत केसाएवढी चीर, दुसऱ्या रात्रीत ती पार. साधं ग्रीस दगड होतं, म्हणून गिअरना मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी भुकटी लावतात.

आणि सकाळ रात्रीपेक्षा सोपी नाही. गारठलेल्या सौरघटाचा व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त असतो. ऊन पडताच तो धक्का पुढच्या सर्किटला सोसावा लागतो. शून्याखालच्या लिथियम बॅटरीत चार्ज ढकलला तर आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते, प्रसंगी आतून शॉर्ट होते. म्हणून पहिली वीज हीटरला. पेटी शून्याच्या वर आली की बॅटरीला, मग कॉम्प्युटरला, शेवटी प्रक्षेपकाला. हा सगळा क्रम बॅटरी मेलेली धरून, नुसत्या पॅनेलवर, पृथ्वीवरून कोणी काही न सांगता चालावा लागतो. चीनचा युतू-२ असाच आपोआप उठत आला: पॅनेल मिटलेलं, आत किरणोत्सारी उष्णतास्रोत, ऊन पडलं की जाग. दीड किलोमीटरहून जास्त चालला तो. त्याच्या आधीचा युतू जानेवारी २०१४मध्ये दुसऱ्या रात्रीच्या तोंडावर अडला. हालचालींची यंत्रणा बिघडली, नंतर तो जागचा हलला नाही.

जपानच्या स्लिम या लँडरकडे रात्रीची तयारी नव्हती. जानेवारी २०२४मध्ये तो नाकावर उतरला, पॅनेल पश्चिमेकडे. बॅटरी १२ टक्क्यांवर आली तेव्हा नियंत्रकांनी तिची जोडणी मुद्दाम तोडली, पूर्ण उतरून पुन्हा उठणं अडू नये म्हणून. तो तीन रात्री काढून बोलला. ते उठणं पाहून प्रज्ञानलाही उठायला हवं होतं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला एका चांद्रदिवसाचं काम दिलं होतं. १०० मीटरहून जास्त चालून, चंद्राच्या मातीत गंधक मोजून त्याने ते पुरं केलं.

रात्र काढायचीच असेल तर उत्तर बॅटरीत नाही. अमेरिकी बनावटीचा प्लुटोनियम-२३८चा छोटा उष्णतास्रोत १ वॉट देतो आणि त्याचं वजन ४० ग्रॅम. दोन किलोंच्या जागी ४० ग्रॅम, आणि उष्णता निम्मी व्हायला जवळपास ८८ वर्षं. अडचणी दोन: तो दिवसाही बंद होत नाही, म्हणजे रेडिएटरचा मघाचा पेच आणखी घट्ट होतो, आणि रॉकेट कोसळलं तरी त्याचं वेष्टन फुटू नये हे सिद्ध करावं लागतं. चांद्रयान-३च्या, लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या प्रॉपल्शन मोड्यूलवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे असे एकेक वॉटचे दोन स्रोत होते. विक्रम आणि प्रज्ञानवर नव्हते. जपानबरोबरच्या चांद्रयान-५च्या रोव्हरसाठी इस्रोने २५० किलोंचं वजन सांगितलं आहे, आणि त्यात रात्रीसाठी किती किलो राखले जातात हे बघण्यासारखं असेल.

मग तिथे आता काहीच चालू नाही का, असंही विचारलं जातं. विक्रमच्या माथ्यावर नासाने दिलेला काचेच्या त्रिकोनी आरशांचा छोटासा घुमट आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी, चंद्राच्या काही रात्री उलटून गेल्यावर, चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि परावर्तित प्रकाश बरोबर परत आला. त्या आरशात ना बॅटरी आहे, ना सोल्डर.