हद्द आणि वहिवाट

"पाच तासं खाल्ले त्यानं माहे, मॅडम. पाच!"

काकाजी उजव्या हाताची पाचही बोटं माझ्यासमोर धरून उभे होते. मे महिना, सकाळचे साडेसहा. हिंगण्याच्या पुढे पांदणीनं दीड किलोमीटर आत गेलं की त्यांचं वावर. आम्ही पहाटेच निघालो होतो, कारण नागपूरच्या मे महिन्यात अकरानंतर उघड्या वावरात काम होत नाही. धुऱ्याच्या पलीकडे त्यांचा पुतण्या उभा होता, तोंड दुसरीकडे करून. दोघांच्या मध्ये एक निंबाचं झाड आणि एकोणीस वर्षांचा अबोला.

तास म्हणजे पेरणीची ओळ. दरवर्षी वखरताना धुरा बोटभर कोरला जातो आणि एका पिढीत तो कुठल्या कुठे सरकतो, अशी तक्रार घेऊन येणारे काकाजी पहिले नव्हते. पश्चिमेकडे ज्याला बांध म्हणतात तोच आमचा धुरा. त्यापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या मयतीला न गेल्याचं मी पाहिलेलं आहे.

मी भूकरमापक आहे. जमीन मोजणं हे माझं काम, अकरा वर्षं झाली. त्या सकाळी मी काकाजींचं ऐकत होते खरी, पण मन ठिकाणावर नव्हतं. पस्तिसावं सरत आलं होतं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा मी दोनदा पास झाले, मुख्य दोन्ही वेळा गेली. त्यानंतरची पाच वर्षं 'पुढच्या वर्षी देईन' या एका वाक्यावर काढली. म्हाळगीनगरच्या घरात कपाटाचा एक अख्खा खण त्या पुस्तकांनी भरलेला. तो उघडला की पोटात खड्डा पडायचा, म्हणून उघडायचेच नाही. पगार वेळेवर होता, घरी आई होती, कशाची ददात नव्हती. तरी पुढे काय, असं कोणी विचारलं की जे उत्तर तोंडात यायचं ते दुसऱ्याच कोणाचं वाटायचं. अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण अधिकारी झाली. तिची कुठे बदली झाली, कोणतं पद मिळालं, हे मला तिच्या घरच्यांच्या आधी कळायचं. तेवढं एक मी नेमानं करत होते.

असो, मोजणीकडे येते.

हद्द कायम मोजणीत आम्ही दोन गोष्टी मोजतो. लोकांना बहुधा एकच ठाऊक असते. एक हद्द, म्हणजे जुन्या नकाशाप्रमाणे तुमची जमीन कुठून कुठपर्यंत आहे. दुसरी वहिवाट, म्हणजे आज प्रत्यक्षात तुम्ही कुठून कुठपर्यंत वाहता. धुरा, कुंपण, विहीर, झाडं जिथं आहेत तिथं पॉइंट घ्यायचा. शेवटी दोन्ही एकाच कागदावर वेगवेगळ्या रेषांनी येतात. क्रम मात्र ठरलेला, आधी वहिवाट. माझे पहिले साहेब म्हणायचे, "वहिवाट घेताना कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हे मनातही आणू नका. आहे तसं घ्या. मन घातलं की रेघ वाकडी येते." नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलेलं हे वाक्य मी शेकडो वावरांत पाळलं होतं. वावराबाहेर ते कुठे लागू पडेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

पुतण्याकडचा धुरा तासाभरात झाला. मी नाल्याकडे वळले तशी काकाजींनी हाक मारली.

"तिकडं काऊन जाता, मॅडम? तो सरकारी पडीत आहे नाल्याचा. घाणेरी आन् बाभळीशिवाय काही नाही तिथं."

"काकाजी, चारही बाजू घ्याव्याच लागतात."

ते तिथंच थांबले. त्यांची सगळी नजर त्या एका धुऱ्यावर होती.

नाल्याकडचं काम सोपं नव्हतं. घाणेरीच्या काट्यांत ओढणी अडकत होती. बाभळींच्या खाली रोव्हर फ्लोटवरून हलेना. आता साखळी आणि नकाशा काढायच्या फलकाच्या जागी रोव्हर आलाय, माणसाच्या उंचीच्या काठीवर बसवलेलं यंत्र, जे उपग्रहांवरून जागा सांगतं. पण त्याला वर मोकळं आभाळ लागतं. फ्लोट दाखवतोय म्हणजे आपण साधारण कुठे उभे आहोत ते त्याला कळलंय, नक्की कळलेलं नाही. फिक्स आलं की चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. फ्लोटवरचा पॉइंट दिसायला अगदी खरा दिसतो, आकडे सगळे भरलेले असतात, पण तो धरायचा नसतो. सोबतचे शिपाईभाऊ दर मिनिटाला विचारत होते, "आलं का फिक्स?" शेवटी झाडांच्या बाहेर उघड्यावर फिक्स घेतलं आणि तिथून आत टेप ओढून अंतरं मोजली. या चाळीस मिनिटांत माझा घसा पार कोरडा पडला.

साडेदहाला निंबाखाली बसून मी नकाशा वहिवाटीवर बसवला. बसवला आणि पुन्हा काढला. ज्या दगडावरून सुरुवात केली होती, तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तो दगड, तिथं परत जाऊन तपासून आले. आकडे तेच.

पुतण्याच्या बाजूनं हद्द आणि वहिवाट यांत कुठेही हातभरापेक्षा जास्त फरक नव्हता. एका टोकाला तर काकाजींचंच वखर दीड फूट पलीकडे गेलेलं होतं. आणि नाल्याच्या बाजूनं हद्दीची रेषा झुडपं ओलांडून पार काठापर्यंत जात होती. शंभर मीटर लांब, नऊ मीटर रुंद. नऊ आर, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आसपास.

मी खुंट्या ठोकून घेतल्या, चुन्याची फक्की टाकली. काकाजी खुंट्यांमागून चालत आले. शेवटची खुंटी एका पळसाच्या बुडाशी होती. त्यांनी पळसाच्या खोडावर हात ठेवला.

"हे माहं?"

"हो काकाजी. जुन्या नकाशातही तुमचंच आहे. नाला याच्या पुढून सुरू होतो."

ते खाली बसले. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून मी शिपाईभाऊंना पाणी आणायला सांगितलं. काकाजींनी हातानंच थांबवलं. बराच वेळ ते त्या पांढऱ्या फक्कीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तिकडंच पाहून राह्यलो होतो, बाई. एकोणीस वर्षं. इकडं मान वळवूनच नाही पाह्यली."

सकाळपासून मी त्यांची मॅडम होते. त्या क्षणी बाई झाले, ते माझ्या लक्षात राहिलं.

पुतण्या जबाबावर सही करायला आला. जिंकल्यासारखं काही त्याच्या तोंडावर दिसलं नाही. सही करून गेला आणि थोड्या वेळानं पाण्याची कॅन आणून निंबाखाली ठेवली, काकाजींच्या हाताला येईल अशी. बोलला काहीच नाही.

घरी आले, अंघोळ केली, आईनं वाढलेलं जेवले. झोप येईना. रात्री अकराला कोरा कागद काढला आणि वर लिहिलं, वहिवाट.

पुढे काय करायचं, हा प्रश्न मी तोवर हजारदा स्वतःला विचारला होता. आज कुठे उभी आहे, हे एकदाही मोजलं नव्हतं. त्या रात्री ठरवलं, आधी आहे तसं घ्यायचं. आठवणीवर जायचं नाही, वहिवाटीला पुरावा लागतो. मागच्या वर्षीचे 52 रविवार. आमची सरकारी दैनंदिनी कामाच्या दिवसांची, रविवार तिच्यात नसतात. म्हणून फोनमधले फोटो, कॉलची यादी, पेट्रोलचे आणि औषधांचे पैसे हे सगळं समोर घेऊन एकेक रविवार भरत गेले. पहाटेचे तीन वाजले.

आईचे दवाखाने आणि घरची कामं, 17. लग्नं, बारशी, तेराव्या, 9. काहीच सापडलं नाही असे 6. अभ्यास, 4. ज्या गोष्टीवर मी माझं सगळं आयुष्य अडवून धरलं होतं, तिला वर्षातून चार रविवार दिले होते.

उरले 16. हे सोळा रविवार वेगवेगळ्या तालुक्यांत नव्यानं लागलेल्या मुलामुलींचे होते. "ताई, रोव्हर फिक्सच होऊन नाही राह्यला." "ताई, जुना नकाशा बसतच नाही, काय करू?" कोणी फोनवर, कोणी लॅपटॉप घेऊन थेट घरी. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर नकाशे पसरून आम्ही बसायचो आणि आई पोहे करायची. मी त्यांच्यासाठी बावीस पानांची टिपणं हातानं लिहून काढली होती. या सगळ्याला मी काम म्हणून कधी धरलंच नव्हतं. उलट रविवार गेला, अभ्यास बुडाला, म्हणून संध्याकाळी स्वतःवर चिडायचे.

मी त्या आकड्यावर, 16 वर, पेन ठेवून बसले. रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं.

सोमवारी सिव्हिल लाइन्सकडे कामाला जायचं होतं. झिरो माइलपाशी, म्हणजे गावोगावची अंतरं दाखवणाऱ्या त्या जुन्या दगडापाशी, गाडी बाजूला लावली. ते चार घोडे आणि तो वालुकाश्माचा स्तंभ नागपूरच्या माणसाला इतका सवयीचा की तिथं कोणी थांबत नाही. 1907 सालचा. त्यावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल अशी अंतरं कोरलेली आहेत. या खात्यात आल्यापासून मला त्या दगडाबद्दल वेगळीच माया आहे, कारण सगळी अंतरं सांगण्याआधी कोणीतरी तो एक बिंदू पक्का केला. ज्या मोठ्या सर्वेक्षणातून हे सगळं आलं, ते विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1802 साली मद्रासला सुरू केलं. पहिली साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती रेषा, मोजायलाच त्याला 57 दिवस लागले. पुढे वीस वर्षं मोजत मोजत तो वर सरकत राहिला आणि 1823 च्या जानेवारीत, नागपूरला येताना, हिंगणघाटला वारला. तिथं त्याची कबर आहे. एका रेषेसाठी 57 दिवस देणारा तो माणूस आठवला, तेव्हा माझी एक रात्र आणि एक कागद मला लहान वाटले नाहीत.

त्या आठवड्यात पुस्तकांचा खण रिकामा केला. घराजवळच्या अभ्यासिकेत दोन पोती भरून दिली. एक मुलगी पायऱ्यांवरच बसून पुस्तकं चाळायला लागली, तेव्हा बरं वाटलं. मैत्रिणीला फोन केला. किती वर्षांनी, सांगता येणार नाही. तास-दीड तास बोललो, तिच्या बदलीबद्दल चकार शब्द निघाला नाही.

आणि एक अर्ज लिहिला. सर्वेक्षण विषय तासिका तत्त्वावर शिकवायची माझी इच्छा आहे. सरकारी नोकरीत असताना असं काही करायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो रीतसर वरिष्ठांकडे गेला. परवानगी मिळेल का, मिळाली तर शिकवायला कुठे बोलावतील का, काहीच नक्की नाही. अर्ज अजून वरच्या टेबलावर आहे. बावीस पानांच्या टिपणांची मात्र आता चाळीस झाली आहेत आणि मी ती टाइप करायला घेतली आहेत. रविवारी मुलं येतात, तेव्हा मी चिडत नाही.

जूनच्या शेवटी, पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, काकाजी 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, न्यायला कार्यालयात आले. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्यांना नकाशावरच्या दोन रेषा पुन्हा दाखवल्या. त्यांनी नाल्याच्या बाजूवर बोट फिरवलं, मग कागदाची घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी सदऱ्याच्या आत सरकवली.

"अर्धी झुडपं काढली, बाई. पळस ठेवला. काठाले बांबू लावतो म्हन्तो, माती धरते."

"आणि पुतण्या?"

काकाजी दारापाशी थांबले.

"बोलत नाही अजून," ते म्हणाले. "पन झुडपं काढाले ट्रॅक्टर त्यानंच आनला."