बेसूर सान्नं

सान्नं म्हणजे गोव्याची इडली, असं सांगून मोकळं होणाऱ्यांनी एकदा दोन्हींचा वास घेऊन बघावा. इडलीला उडदाचा आंबूसपणा, सान्नांना माडाचा. तो येतो सुरेतून, म्हणजे माडाच्या ताज्या माडीतून. रेंदेर (माडी काढणारा) पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, लावलेलं मडकं उतरवतो तेव्हाच आत फेस धरलेला असतो. सूर ठेवली तर ती आधी चढते, मग आंबट होत होत शिरका. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाचं पीठही हिच्यावरच फुगवत.

आता ताजी सूर मिळणं नशिबाचं, म्हणून तिच्या जागी 'एक चमचा यीस्ट' आलं. घोळ इथेच आहे. सूर फुगवायची, गोडी द्यायची, किंचित आंबवायची, शिवाय वाटणाला पाणीही तिचंच. यीस्टला यातलं फुगवणंच जमतं.

म्हणून 2 वाट्या तांदळाला (निम्मा उकडा) 1 वाटी ओलं खोबरं घ्यायचं आणि वाटताना साध्या पाण्याऐवजी नारळपाणी, साधारण पाऊण वाटी. पाव वाटी कोमट नारळपाण्यात 2 चमचे साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट. कोमट म्हणजे बोट सुखाने बुडेल इतपतच. कढत पाण्यात यीस्ट मरतं. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला नाही तर पुढे जाऊ नका, तांदूळ फुकट जातील. फेसाळलेलं यीस्ट वाटणात घाला. पीठ दुपटीला आलं की मीठ हलक्या हाताने मिसळा, वाट्या अर्ध्याच भरा, 15 मिनिटं वाफवा. घाईने यीस्ट वाढवलं की पीठ भसकन वर येतं, बुडबुडे फुटतात आणि सान्नं मधोमध बसतात, वर बिअरचा वास. आंबटपणा हवाच असेल तर यीस्ट चिमूटभर आणि रात्रभर धीर.

केकमधल्या अंड्याचंही तेच. एका अंड्याच्या जागी पाव कप दही आणि पाव टीस्पून सोडा. ओलावा आला, फुगणंही आलं. पण फेटलेल्या अंड्यांवर उभा राहणारा स्पंज दह्याच्या जिवावर उभा राहत नाही. तिथे हट्ट करू नये.

घरच्या द्राक्षवाइनमध्ये उलटा प्रकार. (महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.) पावाचं यीस्ट वाइनमध्ये चालतं, पण अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांवर गेलं की ते बहुधा दमतं, वाइनचं यीस्ट चौदापर्यंतही सहज जातं. शिवाय पावाच्या यीस्टचा गाळ सैल बसतो, बाटली जरा हलली की सगळं गढूळ. बुडबुडे थांबले म्हणजे वाइन झाली, असं समजून लोक घट्ट बूच मारतात. आत साखर उरलेली असते, यीस्ट नुसतं पेंगत असतं. उन्हाळा लागला की ते जागं होतं, आणि मग बूच छताला.