आधी पुस्तक, मग लेखक

सोलापुरात नवी पेठेत २००८ साली आम्ही दुकान टाकलं, तेव्हा घर चालायचं ते पाठ्यपुस्तकं, गाईडं आणि वह्यांवर. गोष्टीच्या पुस्तकांना दाराजवळची एकच फळी होती. जून-जुलैचा हंगाम सरला की गिऱ्हाईक तुरळक, म्हणून मी गठ्ठे बांधून शाळाशाळांत प्रदर्शन लावायला लागलो. अशाच एका प्रदर्शनात चौथीतल्या मुलाने विचारलं, "काका, लेखक जिवंत असतात का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. धड्याच्या वर लेखकाच्या नावापुढे कंसात जन्माचं आणि मृत्यूचं साल असतं, तेवढीच त्याची लेखकाशी ओळख. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

२०११ मध्ये पहिल्यांदा पुण्याहून एका लेखिकाबाईंना बोलावलं. हुतात्मा एक्स्प्रेसने त्या रात्री आल्या, सकाळी शाळेत कार्यक्रम. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, सोलापुरी चादर, मग पाहुण्यांची मनोगतं. पोरं पटांगणात उन्हात बसलेली. बाईंच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली. "माझं कुठलं पुस्तक वाचलंय?" असं त्यांनी विचारलं, तर एकही हात वर झाला नाही. त्यांना गाडीत बसवताना माझी मान वर होत नव्हती. दोष शाळेवर टाकून मोकळं होता आलं असतं, पण पुस्तकं आधी पोचवणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला: लेखक येण्याआधी तीन आठवडे पुस्तकांची पेटी वर्गात जाते. शाळेला जमलं तर संच विकत, नाही जमलं तर पेटी फिरती. बाई किंवा गुरुजी रोज शेवटच्या तासाला मोठ्याने वाचतात. मुलं चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहितात. त्या चिठ्ठ्या शुद्धलेखन न सुधारता आम्ही लेखकाला आधी पाठवतो. सत्कार नाही, माईक नाही, एका वेळी एकच वर्ग, आणि सगळे सतरंजीवर. मानधनाचं पाकीट लेखक गाडीतून उतरल्यावरच हातात. ते मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, याबद्दल मी हट्टी आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेतली भेट अजून डोळ्यांपुढे आहे. तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी. आलेल्या लेखकांनी एक मोठा कागद तीनदा दुमडला आणि मुलांकडून त्यावर एक ते सोळा आकडे घालून घेतले. मग कागद उलगडला. एकाशेजारी सोळा, आणि निम्मे आकडे उलटे! वर्ग चकित. पुस्तक असंच छापतात, मग घडी घालून कापतात, हे त्यांनी पुन्हा दुमडून दाखवलं. मागे बसलेल्या एका मुलीची चिठ्ठी होती: "तुमच्या गोष्टीतली आजी मराठीच का बोलते? माझी अम्मम्मा तेलुगू बोलते." लेखक क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "ती गोष्ट मला येत नाही. तू लिही." महिन्याभराने ती वडिलांबरोबर दुकानात आली. हातात तीनदा दुमडून दोऱ्याने शिवलेली सोळा पानं. अम्मम्माचं बोलणं देवनागरीत, पण तेलुगूच.

एक अडचण अजून आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. चांगलंच आहे, पण प्रत्येक शाळेला लेखक त्याच दिवशी हवा असतो. आम्ही विनवतो की जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, झाल्यावर घ्या, नाहीतर मार्चच्या उन्हाआधी फेब्रुवारीत घ्या. काही मुख्याध्यापक ऐकतात.

२०२० मध्ये टाळेबंदीने सगळं थांबलं. दुकानाचं भाडं थकलं, प्रकाशकांची उधारी वाढली. फोनवरून लेखकांच्या भेटी घडवून पाहिल्या, पण ज्यांच्या घरी एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर कामावर, ती मुलं राहून गेली. शाळा उघडल्यावर पहिली पेटी आम्ही त्यांच्याच शाळेत नेली.

आता दुकानात बालपुस्तकांची एक अख्खी भिंत आहे. भेटींतून फार पैसा सुटत नाही. आजही वह्यांवरच दुकान तरतं. या वर्षी लेखकाबरोबर चित्रकारालाही आणायचं ठरवलंय, कारण मुलांच्या निम्म्या चिठ्ठ्या चित्रांबद्दलच असतात. पेटी भरून झाली आहे, सोमवारी ती अक्कलकोट रस्त्यावरच्या शाळेत जाईल.